मदत हवी आहे: काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरणं कितपत जमतं?

ऑस्टिनचा_बंड्या:
फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती आणि नळ कोरडे. त्याच सुमारास दुकानांत काडतुसांच्या फळ्याही रिकाम्या पाहिल्या. तेव्हापासून नेमबाजीच्या रेंजवर गेलो की पुंगळ्या उचलून आणतो, आता बादलीभर झाल्यात. वेळ आलीच तर या घरी, हाताशी असेल त्यातून भरता येतील का? पुंगळ्या भरायचं यंत्र, प्रेसबिस काही नाही. इथे टेक्सासात कायद्याची अडचण नाही, ते सोडून बोला. शनिवारच्या आत सांगा, बायको बादली फेकायला निघालीय.

खडूस_खविस:
कुठलं काडतूस? पितळी की स्टीलची पुंगळी? आत मध्यभागी एक भोक आहे की दोन?

डेन्व्हरकाका:
११ वर्षं घरी भरतोय, म्हणून सांगतो. काडतुसात चार गोष्टी: पुंगळी, टोपी म्हणजे दारू पेटवणारा प्रायमर, दारू आणि गोळी. त्यातली पुंगळी तेवढी परत वापरता येते, बाकी तिन्ही विकतच आणायच्या. आणि टंचाईत प्रायमर शोधून मिळत नव्हते. म्हणजे ज्या दिवसासाठी तू ही विद्या शिकणार, नेमकी त्याच दिवशी ती अडणार. छंद म्हणून झकास आहे, तयारी म्हणून नाही. त्यापेक्षा तयार काडतुसं घेऊन थंड, कोरड्या जागी ठेव, दशकानुदशकं टिकतात.

शंकासुर:
काका, गोळी घरी ओतता येते की! शिसं वितळवायचं, साच्यात घालायचं. तिन्ही विकतच कशाला?

डेन्व्हरकाका:
ओततो ना मी. म्हणून तर दरवर्षी रक्तातलं शिसं तपासून घेतो. गोळी कधीच अडत नाही रे, टोपी अडते.
शिवाय एक किस्सा. भरता भरता सांगलीहून बहिणीचा फोन आला आणि एका पुंगळीत दारू घालायचीच राहिली. रेंजवर चाप ओढला तर नुसतं फुस्स. मी पुढचा बार काढणार, तेवढ्यात शेजारचा ओरडला, ‘थांब!’ गोळी नळीतच अडकली होती. दुसरी सुटली असती तर नळी फाटली असती. पितळी दांड्याने ठोकून काढलेली ती गोळी अजून टेबलावर ठेवलीय. आता भरताना फोन दुसऱ्या खोलीत.

देवरुखचा_दादा:
आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. ना पुंगळी, ना भानगड. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर आणायची. माकडं तोवर बागेत बसलेली. कोणी हे भारतात करायला जाऊ नका, विनापरवाना काडतूस भरलंत तर शस्त्र कायदा १९५९ लागतो.

शंकासुर:
काडतुसांवरून १८५७ आठवलं. ती कागदी होती, दाताने फाडायची. चरबीचा वाद तिथलाच.

ऑस्टिनचा_बंड्या:
ठासणीची कोणी विचारली? १८५७ कोणी विचारलं? माझ्या पॉइंट टू-टूच्या पुंगळ्या आहेत, त्याबद्दल बोला!

खडूस_खविस:
हे आत्ता सांगतोयस?

डेन्व्हरकाका:
अरे देवा. टू-टूला वेगळी टोपीच नसते. दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, घोडा आपटला की ती कड चेपते. झालेल्या पुंगळ्या नीट बघ, प्रत्येकीच्या कडेला खाच दिसेल. ती पुन्हा भरता येत नाही. धागा संपला.

ऑस्टिनचा_बंड्या:
व्हिडिओत एक जण घरीच मसाला करून भरतो.

डेन्व्हरकाका:
त्याची बोटं मोजलीस का? धक्क्याने पेटावा म्हणूनच तो मसाला असतो, तुझ्या हातातही पेटेल. यावर मी पुढे काही सांगणार नाही.

नेब्रास्काची_नीता:
मला बंदुकीतलं कळत नाही. पण तीन दिवस नळ कोरडे होते म्हणालात. आता घरी पाणी किती ठेवता? माणशी रोज १ गॅलन धरतात.

ऑस्टिनचा_बंड्या:
बाटल्यांचे दोन क्रेट आहेत. चौघं आहोत.

नेब्रास्काची_नीता:
बरं.

ऑस्टिनचा_बंड्या:
ठीक आहे. पितळ भंगारात कसं जातं इथे?

खडूस_खविस:
पौंडावर. आधी बादली पालथी कर. एखादं जिवंत काडतूस निघालं तर भंगारवाला हात लावणार नाही.

ऑस्टिनचा_बंड्या:
तीन निघाली.