शिरपूर नंदुरबारात, मालेगाव धुळ्यात : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

पिंटू (सी विंग): एक विचारायचं होतं. शिरपूरहून इथे धुळ्यात देवपूरला येऊन वर्ष होत आलं. मतदार यादीतलं नाव इकडे आणायचंय. कोणता फॉर्म?

सर (ए विंग): फॉर्म ८. ऑनलाइन भरता येतो. पण एक ध्यानात घे, नाव इकडे आणलंस की तुझा खासदारही बदलणार.

पिंटू: तो कसा? शिरपूर धुळे जिल्ह्यातच आहे ना!

आप्पा: जिल्हा धुळे, लोकसभा नंदुरबार. २०२४ ला तुम्ही १३ मेला मत दिलं, आम्ही २० मेला. बहीण शिरपूरला दिलेली आहे. तिने शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाकला तेव्हा आमच्याकडे प्रचाराच्या रिक्षा फिरत होत्या.

पिंटू: आणि साक्री?

आप्पा: तेही नंदुरबारातच. आपल्याला मिळालं मालेगाव आणि बागलाण. दोन्ही नाशिक जिल्ह्यातले.

दीपकभाऊ (बी विंग): आणि त्या मालेगावनेच घात केला. २०२४ ला सहापैकी पाच विधानसभांत भाजपचे भामरे पुढे, एका मालेगाव मध्यने सगळं पाणी फिरवलं. नाहीतर धुळे हा भाजपचा बालेकिल्ला.

सर: बालेकिल्ला? कधीपासून?

दीपकभाऊ: आधीपासूनच. नाना सांगतील.

नाना (बी विंग): नाना सांगतीलच, पण तुला आवडेल असं नाही.

धुळ्यातून जनसंघाचा, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षाचा, माणूस निवडून आला तो १९५७ ला, उत्तमराव लक्ष्मणराव पाटील. त्या लोकसभेत अख्ख्या देशातून जनसंघाचे चार खासदार. दोन उत्तर प्रदेशातले, त्यातलेच एक वाजपेयी. उरलेले दोन आपल्याकडचे, एक रत्नागिरीचा आणि एक धुळ्याचा. म्हणजे तुझं म्हणणं तिथपर्यंत खरं. पण ती लाट संयुक्त महाराष्ट्राची होती. त्याच निवडणुकीत शेजारच्या पूर्व खानदेशातून नौशीर भरुचा अपक्ष निवडून आले, मुंबईचे पारशी वकील. आता त्यावरून जळगाव पारशांचा बालेकिल्ला म्हणशील का?

आप्पा: 😂 हाई बरोबर शे नाना

नाना: पुढे काँग्रेसने मतदारसंघ परत घेतला, चुडामण आनंदा पाटलांचा काळ. नंतर धुळे आदिवासींसाठी राखीव झालं आणि २००४ पर्यंत राखीवच राहिलं. तरुण मंडळींना हे माहीतच नसतं. रेश्मा भोये, बापू चौरे ही त्या काळातली नावं. १९९६ ला साहेबराव बागूल, भाजप. १९९८ ला डी. एस. अहिरे, काँग्रेस. १९९९ ला रामदास गावित, भाजप. २००४ ला बापू चौरे परत, काँग्रेस. आठ वर्षांत चार निवडणुका आणि दर वेळी पक्ष बदलला. याला बालेकिल्ला म्हणत नाहीत. बालेकिल्ला बघायचा तर तेव्हाचं नंदुरबार. माणिकराव गावित १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून २००९ पर्यंत सलग नऊ वेळा. २०१४ ला डॉ. हीना गावितांनी त्यांना पाडलं तेव्हा इथे कितीतरी लोकांनी आधी टीव्हीवर विश्वासच ठेवला नाही.

अध्यक्ष: कृपया ग्रुपवर राजकीय पोस्ट टाकू नयेत.

वहिनी (ए विंग): अध्यक्षसाहेब, हा इतिहास चाललाय. शिवाय मागच्या आठवड्यात तुम्हीच सभेचं पत्रक टाकलं होतं.

अध्यक्ष: ते चुकून फॉरवर्ड झालं.

पिंटू: नाना, राखीव होतं तर आता खुलं कसं? आणि शिरपूर तिकडे का गेलं?

नाना: तिथेच खरी गोम आहे. २००८ ला मतदारसंघांची फेररचना झाली, २००१ च्या जनगणनेवर. आज नंदुरबार लोकसभेत सहा विधानसभा आहेत : अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर, साक्री, शिरपूर. सहाच्या सहा आदिवासी राखीव. सातपुड्याचा पट्टा एकत्र राहिला, जिल्ह्याची हद्द मागे पडली. धुळे खुलं झालं. त्यात धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा हे आपले तीन, आणि मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण हे नाशिकचे तीन. त्याआधी मालेगावची स्वतःची लोकसभा होती, ती गेली. तिकडे जळगाव जिल्ह्यात आपल्या मामांचं एरंडोल गेलं, रावेर आलं. म्हणून २००४ आणि २००९ ची तुलना करायला बसलं की माझं डोकं फिरतं. पाटी तीच, पण मतदार वेगळे आणि उमेदवारीची अटही वेगळी. १९५७ ची पुण्याई २०१४ च्या खात्यावर जमा करता येत नाही, दीपक.

दीपकभाऊ: बरं, २००९ पासून धरा. सोनवणे, भामरे, भामरे. तीन वेळा सलग भाजप. मग?

नाना: हे मान्य. पण त्यातला पहिला विजय कसा झाला ते बघ. २००९ ला प्रताप सोनवणे १९,४१९ मतांनी आले. समोर काँग्रेसचे अमरीशभाई पटेल. मालेगावचे निहाल अहमद जनता दलाकडून उभे, त्यांनी एकट्यांनी सत्तर हजारांच्या वर मतं घेतली. शिवाय अनिल गोटे वेगळे उभे. मालेगावची मतं तेव्हा फुटली.

आप्पा: अमरीशभाईंचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. आयुष्य शिरपूरात, १९९० पासून आमदारकी शिरपूरची, आणि लोकसभा लढले धुळ्यातून. शिरपूरचं एक मत त्यांना पडणं शक्य नव्हतं.

पिंटू: आमच्याकडे आजही बोलतात यावर

सर: करणार काय? २००९ ला शिरपूर विधानसभा राखीव झाली, तिथून लढायची सोय संपली. गाव एका लोकसभेत, उमेदवारी दुसऱ्या. २०१४ ला परत उभे राहिले आणि डॉ. भामरेंकडून १,३०,७२३ ने पडले. २०१९ ला भामरे काँग्रेसच्या कुणाल पाटलांपुढे २,२९,२४३ ने आले.

दीपकभाऊ: मग २०२४ ला काय झालं? तेच म्हणतोय मी. एका गावाने घालवली.

वहिनी: दीपकभाऊ, माझं माहेर मालेगावचं. एक सांगा, २००८ ला मालेगावला कोणी विचारलं होतं का, धुळ्यात यायचंय का म्हणून? नकाशा वरून आला. आमचं कोर्टकचेरी, तहसील, कलेक्टर सगळं नाशिककडे, आणि खासदार धुळ्याचा. आता तिथल्या लोकांनी मत दिलं तर ते घालवणं कसं झालं?

दीपकभाऊ: तसं नाही वहिनी. पण एकगठ्ठा पडतात, हे तरी खरं ना.

वहिनी: शिंदखेड्यात एकगठ्ठा पडली तर तुम्ही त्याला लाट म्हणता.

आप्पा: 🙏🙏

सर: आकडे समोर ठेवू. काँग्रेसच्या शोभा बच्छाव ५,८३,८६६. सुभाष भामरे ५,८०,०३५. फरक ३,८३१. मालेगाव मध्यमध्ये बच्छावांची आघाडी १ लाख ९४ हजारांच्या वर. म्हणजे उरलेल्या पाच ठिकाणी भामऱ्यांनी जवळजवळ तेवढीच आघाडी जमवली होती. कोणत्याही एका ठिकाणी थोडं इकडेतिकडे झालं असतं तरी निकाल फिरला असता. एकट्या मालेगाववर बोट का ठेवायचं?

नाना: बरोबर. आणि बच्छाव नाशिकच्या. उमेदवारी जाहीर झाली तेव्हा धुळ्याच्या काँग्रेसवाल्यांनीच बाहेरचा उमेदवार म्हणून आरडाओरड केली होती. पण मतदारसंघच अर्धा नाशिक जिल्ह्यातला, तर बाहेरचा कोण आणि घरचा कोण? मला विचाराल तर त्या निकालात उमेदवारापेक्षा जास्त वाटा रिंगणाचा होता. २००९ सारखा मालेगावचा तगडा तिसरा उमेदवार या वेळी नव्हता.

दीपकभाऊ: म्हणजे नशीब

नाना: नशीब कसलं? मालेगावात मतं मागायलाच जायचं नाही असं एका बाजूने ठरवलं, की दुसरीला आयती मिळतात. मध्य मतदारसंघात भामऱ्यांना पाच हजारसुद्धा मतं पडली नाहीत. संरक्षण राज्यमंत्री राहिलेला माणूस, पेशाने डॉक्टर, दोनदा खासदार. दहा वर्षांत तिथे एवढीच ओळख?

वहिनी: ३,८३१ चा फरक म्हणजे १,९१६ जणांनी इकडचं तिकडे केलं असतं तरी पुरलं असतं. एवढी माणसं आमच्या माहेरच्या गल्लीत लग्नाला जेवतात.

दीपकभाऊ: 😄 वहिनी, पुढच्या वेळी तुम्हालाच उभं करू

आप्पा: पुढच्या वेळी मालेगाव इकडे राहतं का ते तरी बघा. जनगणनेनंतर परत फेररचना होणार म्हणतात.

पिंटू: मग शिरपूर परत धुळ्यात येईल का?

नाना: मला विचारलं तर यावं. साक्रीसुद्धा. पण साक्री-शिरपूर काढले तर नंदुरबारला दुसरे दोन कुठून आणायचे, हे सांगणारा अजून मला भेटलेला नाही. चोपडा राखीव आहे, तो रावेरात. बागलाण राखीव, तो आपल्याकडे. हलवा बघू कोणालाही, दोन आमदार आणि चार इच्छुक लगेच आडवे येतील.

सर: बागलाण नंदुरबारला जोडायचं? मधल्या साक्रीला वगळून?

नाना: म्हणूनच म्हणतो, कागद-पेन्सिल घेऊन बसा एकदा. मी बसलो होतो, अजून जुळलेलं नाही.