नवीन नोटपॅडमधली मराठी यादी एक्सेलमध्ये बिघडते

दारव्हा: भाऊ, विंडोज ७ वरून ११ वर आलो. नोटपॅडमधली हरभरा बियाण्याची सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली) यादी एक्सेलमध्ये उघडली की नावांच्या जागी रोमन चिन्हांचा कचरा दिसून रायला. सेव्ह करताना यूटीएफ-८ (मराठीसह सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) च निवडतो.

आर्वी: फाईल चांगली आहे, बदललं नोटपॅड. जुनं नोटपॅड यूटीएफ-८ फाईलच्या सुरुवातीला बीओएम नावाची ३ बाइटची खूण टाकायचं. २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून साध्या यूटीएफ-८ मध्ये ती नसते, अन् डबल-क्लिकने उघडताना एक्सेल तीच शोधतं; ती नसली की अक्षरं चुकीची वाचतं. ‘सेव्ह ॲज’मध्ये खाली एन्कोडिंगला ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ निवडा. एएनएसआय (मराठी न मावणारी जुनी पद्धत) चुकूनही नको. मराठीची प्रश्नचिन्हं होतात, ती परत येत नाहीत. फाईल तशीच ठेवायची असेल तर एक्सेलात डेटा, मग ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’, फाईल ओरिजिनमध्ये ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) निवडा.

चिखली: पोर्टलवर चढवायच्या फाईलला मात्र बीओएम लावण्याआधी तपासा. काही प्रोग्राम ती खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटवतात, मग रकाना सापडत नाही.

आर्वी: बरोबर. अन् सेवा केंद्राचा संगणक असेल तर नोटपॅडच्या सेटिंगमध्ये मागचं सत्र (आधी उघडलेल्या फाईली) आपोआप उघडणं बंदच करा. नाहीतर एकाचा आधार क्रमांक पुढच्या माणसासमोर उघडतो.