पार्ट्स ऑफ स्पीच पाठ आहेत, पण वाक्यात ओळखता येत नाहीत. काय करावं?

आठवीची_आई

मुलगी सेमी इंग्लिशला, यंदा आठवीत. शब्दांच्या आठही जाती तोंडपाठ. नाउनची व्याख्या झोपेतून उठवून विचारली तरी घडाघडा म्हणेल. पण वाक्यातल्या शब्दाखाली रेघ मारून 'याची जात सांग' म्हटलं की गाडी अडते, मग नुसते अंदाज. परवाच्या चाचणीत 'धिस इज माय बॅग' मधल्या 'माय'ला तिने प्रोनाउन लिहिलं. बाईंनी काट मारून वर अ‍ॅडजेक्टिव्ह लिहिलंय. क्लासच्या नोट्समध्ये मात्र तोच शब्द प्रोनाउनच्या तक्त्यात! माझं इंग्रजी कामापुरतं, त्यामुळे भांडायला जाण्याचीही सोय नाही.

मराठीतून समजावणारं एखादं पुस्तक आहे का? आणि घरी सराव कसा घ्यायचा? दुसरा क्लास लावायचा नाहीये, कृपया ते सुचवू नका.

खडूफळा

निवृत्त शिक्षक आहे, तोही इंग्रजीचाच, म्हणून जरा लांबण लागेल.

व्याख्या काही दिवस बाजूला ठेवा. व्हर्ब म्हणजे क्रिया असं घोकलेलं पोर 'द अराइव्हल ऑफ द ट्रेन' मधल्या 'अराइव्हल'ला व्हर्बच म्हणणार. येण्याची क्रिया दिसतेय ना समोर! आणि 'अराइव्हल' ना माणूस, ना जागा, ना वस्तू, मग ते नाउन कसं? अर्थावरून जात शोधायला गेलं की हे असं होतं.

शब्द एकटा असताना त्याची जात विचारूच नका. 'फास्ट' घ्या. 'वी टुक अ फास्ट लोकल', इथे तो लोकलबद्दल सांगतोय, म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह. 'डोन्ट वॉक सो फास्ट', इथे चालण्याबद्दल, म्हणून अ‍ॅडव्हर्ब. 'आजी फास्ट्स ऑन एकादशी' मध्ये व्हर्ब, आणि 'शी ब्रोक हर फास्ट' मध्ये नाउन. स्पेलिंग एकच, कामं चार.

आपल्या मुलांना हे जड जातं त्याला कारण आहे. मराठीत शब्दाचं काम बरेचदा त्याच्या प्रत्ययावरून कळतं. 'मांजराने उंदराला पकडलं' हे वाक्य कसंही उलटंपालटं करा, शिकारी मांजरच राहतं. इंग्रजीत 'द कॅट कॉट द रॅट' मधली दोन नावं नुसती अदलाबदल केली की मांजराचीच शिकार होते. नामाला 'ने' नाही, 'ला' नाही, त्यामुळे शब्द कुठे बसलाय त्यावर सगळं. म्हणून जात ओळखायची ती जागेवरून.

घरी असं करा. 'द ___ वॉज गुड' इथे बसेल ते नाउन. 'दे कॅन ___' इथे व्हर्ब. 'इट वॉज व्हेरी ___' इथे बहुतेक वेळा अ‍ॅडजेक्टिव्ह. अ‍ॅडव्हर्बला अशी एक ठरलेली जागा नाही, ते वाक्यभर हिंडतं, म्हणून शेवटी घ्या.

मग तिला हे वाक्य द्या: 'द प्लोमी डर्क्स ग्रिम्ड स्लिफ्टली.' शोधू नका, आत्ताच बनवलंय. विचारा, कोणी केलं? डर्क्सनी. कसले डर्क्स? प्लोमी. काय केलं? ग्रिम्ड. कसं? स्लिफ्टली. एकाही शब्दाचा अर्थ माहीत नाही आणि नाउन, अ‍ॅडजेक्टिव्ह, व्हर्ब, अ‍ॅडव्हर्ब चारही सापडले. वर्गात हे केलं की मागच्या बाकावरचेही बोलायला लागायचे. नंतर असली वाक्यं तिलाच बनवायला सांगा.

फक्त शेवटी 'एलवाय' दिसलं म्हणून अ‍ॅडव्हर्ब, यावर विसंबू देऊ नका. 'फ्रेंडली', 'लव्हली', 'कॉस्टली' ही अ‍ॅडजेक्टिव्ह आहेत. आणि 'शी वर्क्स हार्ड' म्हणजे मेहनती, तर 'शी हार्डली वर्क्स' म्हणजे जेमतेम हात हलवणारी. प्रगतिपुस्तकावर दुसरं वाक्य आलं तर घरी वेगळाच धागा निघेल.

प्रूफवाली

खडूफळा सरांना +१. वाक्यसुद्धा चोरलंय.

हे मार्कांपुरतं नाही एवढंच सांगते. ऑफिसातल्या मेल तपासताना 'वी डिस्कस्ड अबाउट द प्लॅन' रोज दिसतं. 'योजनेबद्दल चर्चा केली' हे डोक्यात असतं, म्हणून अबाउट घुसतो. 'डिस्कस' या व्हर्बला कर्म थेट लागतं, 'डिस्कस्ड द प्लॅन'. त्याचं नाउन झालं की मग अबाउट चालतो, 'अ डिस्कशन अबाउट द प्लॅन'. तसंच 'गो होम'. इथे होम अ‍ॅडव्हर्ब आहे, म्हणून टू नको. 'गो टू स्कूल'ला हवा. 'अ‍ॅडव्हाइस' सी घालून लिहिलं की नाउन, एस घालून व्हर्ब, उच्चारही 'अ‍ॅडव्हाइझ' होतो. आणि त्या नाउनचं अनेकवचन करू नये.

पुस्तक म्हणाल तर रेन अँड मार्टिन. त्याला तोड नाही.

लालपेन

आठवीच्या मुलीला रेन अँड मार्टिन? 1930च्या दशकातलं पुस्तक आहे ते, पुढे सुधारलं असलं तरी. आईने संदर्भाला ठेवावं, मुलीच्या हातात नको. तिला रेमंड मर्फीचं व्याकरणाचं लाल पुस्तक, 'इसेन्शियल ग्रामर इन यूज', द्या, निळं पुढच्या पातळीचं आहे. डाव्या पानावर समजावणं, उजव्या पानावर सराव. उत्तरंवाली आवृत्तीच मागा. त्यात जाती ओळखा छापाचे प्रश्न फारसे नाहीत, पण शब्द कुठे बसतो ते हाताला कळतं.

मराठीतून हवं असेल तर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आहे. वाक्यं जुनाट वाटतील, पद्धत पक्की आहे. आणि पैसे खर्च करण्याआधी बालभारतीचं तिचं स्वतःचं इंग्रजीचं पुस्तक काढा. रोज एक परिच्छेद, फक्त व्हर्ब शोधायचे. व्हर्ब सापडला की बाकीचे शब्द आपोआप जागेवर येतात.

लीड्सकर_मावशी

'माय'बद्दल. इकडे इंग्लंडमध्ये प्राथमिकच्या शेवटी, दहा-अकरा वर्षांच्या मुलांना 2013पासून व्याकरणाची वेगळी परीक्षा असते. तिथे 'माय'ला डिटर्मिनर म्हणतात, 'द', 'अ', 'धिस बॅग' मधला 'धिस' यांच्याच पंगतीत. माझ्या लेकाचा अभ्यास घेताना मीही चक्रावले होते, कारण मी शाळेत पझेसिव्ह अ‍ॅडजेक्टिव्ह शिकले.

तपासायचं असं: 'माय' एकटा उभा राहू शकत नाही, पुढे नाउन लागतंच. 'माइन' राहतो, 'धिस बॅग इज माइन'. नाउनच्या ऐवजी येतो तो 'माइन', म्हणून खरा प्रोनाउन तो. क्लासच्या तक्त्यात दोघं एकाच घरात टाकलेले असणार. परीक्षेत मात्र बाईंचं उत्तर लिहायचं, वाद घालायचा नाही.

पोथीवाला

अवांतर: आठ हा आकडा कुठून आला? इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकात डायोनिसियस थ्रॅक्स या ग्रीक वैयाकरणाच्या नावावरच्या ग्रंथात आठ जाती आहेत. पण त्यात आर्टिकल आहे आणि इंटरजेक्शन नाही! लॅटिनला आर्टिकल नाही, तेव्हा रोमनांनी ते काढून इंटरजेक्शन घेतलं, आकडा आठच ठेवला. अ‍ॅडजेक्टिव्ह तर कित्येक शतकं नाउनच्याच पोटात होतं. आपल्या यास्काने, म्हणजे प्राचीन संस्कृत भाषापंडिताने, चारातच भागवलं: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्यय). मराठीतल्या आठ जाती दादोबा पांडुरंगांच्या 1836च्या व्याकरणापासून रुळल्या आणि त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा साचा होता. त्यामुळे धागाकर्तीताई, तुम्ही शाळेत शिकलेलं नाम, सर्वनाम, विशेषण इथे बिनधास्त वापरा. फरक एवढाच की आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून चिकटून येतं, 'टेबलाखाली', आणि त्यांचं प्रीपोझिशन आधी येऊन सुटं उभं राहतं.

लालपेन

पोथीवाला, पोरीला आठच जड जातायत, त्यात तुम्ही यास्क आणलेत.

आठवीची_आई

वाचून गंमत वाटली, डर्क्स तर फ्रिजवर चिकटवलेत. सगळ्यांचे आभार. एक अडलंय. 'शी लुक्स हॅपी' मध्ये लेक म्हणते, कशी दिसते? आनंदी. 'कशी'चं उत्तर आलं म्हणजे अ‍ॅडव्हर्ब. मग 'हॅपिली' का नाही?

खडूफळा

प्रश्न चांगला आहे, शाबासकी द्या तिला. मराठीत 'कशी दिसते' आणि 'कशी चालते' दोन्हीकडे 'कशी'च येतं, म्हणून गफलत. 'लुक्स'च्या जागी 'इज' घालून बघा. 'शी इज हॅपी', वाक्य टिकलं. म्हणजे हॅपी तिच्याबद्दल सांगतंय, बघण्याच्या क्रियेबद्दल नाही, म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह. 'सीम', 'फील', 'स्मेल', 'टेस्ट' यांना हीच चाचणी लावा. आता 'ही लुक्ड अँग्रिली अ‍ॅट मी' इथे 'वॉज' घालून बघा, वाक्य कोसळतं. तिथे तो खरोखर डोळे वटारून बघतोय, म्हणून अ‍ॅडव्हर्ब. 'द सूप टेस्ट्स गुड' तिला स्वतः सोडवू दे, उत्तर सांगू नका.