शाळेच्या स्टेजवरून स्वतःच्या एकपात्रीकडे: सुरुवात कुठून करावी?

नवी_विंग
शाळेचं स्नेहसंमेलन, मग कॉलेजच्या एकांकिका. आतापर्यंत दुसऱ्यांनी लिहिलेलं आणि बसवलेलं केलं. आता ४० मिनिटांचा एकपात्री स्वतः लिहून करायचाय, एका छापील कथेवरून. मजकूर किती लागतो, बसवायचा कसा, परवानग्या कुठल्या? नाट्यगृह परवडत नाही, ६०-७० खुर्च्यांचा हॉल मिळतोय.

तिसरी_घंटा
थेट लिहायला बसू नकोस, निबंध होईल. आधी ठरव, तुझ्या एकपात्रीतली बाई कोणाशी बोलतेय आणि आजच का बोलतेय. सुषमा देशपांडे यांचं 'व्हय, मी सावित्रीबाई' (१९८९) बघ. लेखन आणि सादरीकरण त्यांचंच. तिथे सावित्रीबाई थेट समोर बसलेल्यांशी बोलतात, त्यामुळे 'ही एकटीच का बडबडतेय' हा प्रश्नच येत नाही.

मग एकच प्रसंग चार वेगवेगळ्या दिवशी, संहिता न घेता, दहा-दहा मिनिटं बोल आणि फोनवर रेकॉर्ड कर. चारही वेळा जे आपोआप आलं ते ठेव. विराम धरून रंगमंचावर मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द जातात, म्हणजे ४० मिनिटांना ४,०००-४,४००. पाच हजार लिही, उरलेले तालमीत कापले जातील.

खरा त्रास शाळेतल्या सवयींचा. माईक नसताना मागच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणून आवाज कायम वरच्या पट्टीत, आणि 'सूर्य' म्हटलं की हात आकाशाकडे. छोट्या हॉलमध्ये याचं भाषण होतं. एक पूर्ण तालीम हातांवर बसून कर. दुसरी, चार फुटांवर एकच माणूस बसवून.

दोन पात्रं बोलत असतील तर जागा बदलत उड्या मारायच्या नाहीत. मधल्या रेषेच्या डावी-उजवीकडे नजरेचे दोन बिंदू पक्के कर. समोर लहान मूल असेल तर बिंदू खाली. तो जरा सरकला की प्रेक्षकाला कोण बोलतंय कळत नाही, आणि मग 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' घुसडावं लागतं. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये ५२ व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या करत. त्यातलं लकबींचं काम नीट पाहा.

काळा_पडदा
परवानग्यांबद्दल. शाळेच्या कार्यक्रमाला आणि हौशी मंडळाच्या विनातिकीट प्रयोगाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. तिकीट लावलंत की ती संपते. लेखकाचा हक्क मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त. व्यंकटेश माडगूळकर २००१ मध्ये गेले, तिथे २०६१ अखेरपर्यंत वारसांची परवानगी हवी. 'नाट्यरूपांतर आणि प्रयोग' असे दोन्ही शब्द पत्रात लिहून घ्या. 'करा की' असं फोनवर ऐकलेलं उपयोगी पडत नाही. कथा अनुवादित असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा.

जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकाच्या संहिता तपासणारं राज्य सरकारचं मंडळ) द्यावी लागते. प्रमाणपत्र दिलेल्या संहितेलाच मिळतं, म्हणून काटछाट संपल्यावरच पाठवा. त्याला वेळ लागतो, तारीख आधी जाहीर करून बसू नका.

स्पॉट_बॉय
तीन दिवे पुरे. दोन समोरून, डावी-उजवीकडे ४५ अंशांत, आठ-नऊ फूट उंचीवर, एक मागून. डोळ्यांच्या उंचीवर लावलेत तर मागच्या भिंतीवर मोठी सावली, अगदी डोक्यावर लावलेत तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या. अभिनय तिथेच मेला.

हॉलमधलं साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॉट. १,००० वॉटचा हॅलोजन एकच चालेल. दुसरा लावलात की एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारं बटण) पडणार, आणि हमखास ऐन शांततेत. एलईडी पार (कमी वीज खाणारे रंगमंचाचे दिवे) भाड्याने घ्या. पंखे बंद करून तालीम करून पाहा, त्यांच्या घरघरीत हळू बोललेलं पार बुडतं.

नवी_विंग
दिग्दर्शनही मीच केलं तर?

तिसरी_घंटा
चालेल, पण शेवटचे पंधरा दिवस बाहेरून बघणारं कोणीतरी ठेव. त्या व्यक्तीने सूचना द्यायच्या नाहीत, फक्त कुठल्या मिनिटाला लक्ष उडालं ते कागदावर लिहायचं. व्हिडिओवर ते कळत नाही.