सगळी नखं काळी, आणि नेलकटर दिसला की हा दिवाणाखाली

कंदीपेढा:
मंडळी, मदत हवी आहे. आमचा कुत्रा भिडू गावठी, चार वर्षांचा, वजन वीस किलोच्या आसपास. आम्ही साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. उन्हाळ्यात अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला रोज मोठी फेरी होते, तेव्हा नखांची फारशी तक्रार नसते. पाऊस लागला की मात्र खाली पार्किंगमध्ये शू-शी उरकायची आणि वर. मग ऑगस्टपर्यंत घरभर टकटक टकटक. आता तर स्वयंपाकघरातल्या गुळगुळीत फरशीवर वळताना मागचे पाय सटकतात.

गेल्या खेपेला एका दवाखान्यात नेला होता. तिघांनी धरून, अक्षरशः आडवा पाडून नखं कापली, एका नखातून रक्त आलं ते वेगळंच. तेव्हापासून नेलकटर कपाटातून काढायचा अवकाश, हा दिवाणाखाली. ओढायला गेलं की दात दाखवतो. हाच भिडू एरवी शेजारच्या दीड वर्षाच्या पोरीला कान ओढू देतो!

नखं काळीभोर आहेत, एक सोडून. मागच्या डाव्या पायाचं एकच पांढरं. बाकीच्यांत जिव्हाळी, म्हणजे नखातला रक्ताचा जिवंत भाग, कुठवर आली आहे ते दिसतच नाही. घरी कापणारं कुणी आहे का? कसं जमवता? रक्त आलंच तर काय करायचं? सासूबाई म्हणतात, रस्त्यावरच्या कुत्र्यांची कोण कापायला जातं, त्यांचं काय अडतं?

मिसळ_कमी_तिखट:
सरळ ग्राइंडर घ्या. चार्जिंगचा मिळतो, घासत राहायचं. आमच्या लॅबला काही वाटत नाही, तो झोपून जातो. रक्त आलं तर हळद भरायची.

माणदेशी:
सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. आटपाडीकडे आमच्या वस्तीवर कारवानी कुत्री होती. दिवसभर मुरमावर आणि खडकावर पळायची, त्यांच्या नखांना कुणी हात लावत नसे. लावून घेतलाही नसता म्हणा, परक्याचा हात त्या जातीला खपत नाही. फक्त अंगठ्याचं नख बघावं लागे. पुढच्या पायाला आतल्या अंगाला, जरा वर असतं ते. जमिनीला टेकत नाही म्हणून झिजत नाही, वाढत वाढत गोल वळतं आणि शेवटी कातड्यात रुततं. म्हाताऱ्या कुत्र्यांत तर फार. भिडूचं आजच बघा. वीसनख्या असेल तर मागच्या पायाचीही बघा, केसात लपलेली असतात.

ग्राइंडरला माझा विरोध नाही, पण ज्याला साधा पाय धरलेला सोसत नाही त्याच्यापुढे घरघरणारं यंत्र न्यायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात. शिवाय एकाच जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवला की नख तापतं, आणि लांब केसाळ कुत्र्याचे केस त्यात गुंडाळतात. लॅबची गोष्ट वेगळी, तो कशातही झोपतो.

भिडूच्या डोक्यात राग बसलाय तो धरून पाडल्याचा. म्हणून काही दिवस कापायचं नावच काढू नका. नेलकटर काढून दिवाणावर ठेवायचा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. तुकडा नेलकटर दिसल्यावर, आधी नाही. आधी दिलात तर तो चिकनलाच संशयाने बघायला लागेल. हे अंगवळणी पडलं की पंजाला नुसता हात, तुकडा. मग बोट वेगळं करून धरायचं, तुकडा. तो शेजारी बसलेला असताना खराट्याची काडी नेलकटरने कट्‌कन कापायची, तुकडा. आवाजाची भीती अशीच जाते. पाय ओढून घेतला तर सोडून द्यायचा, रस्सीखेच करायची नाही.

मग एक नख कापायचं. एकच. कुत्र्याला पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार अशी अठरा नखं. ती एका बैठकीत संपवायची घाई दवाखान्याला असते, बाहेर रांग असते. तुम्हाला कसली घाई? रोज एक धरलं तरी तीन आठवड्यांच्या आत फेरी पुरी होते, आणि तोवर पहिलं पुन्हा टोक काढायच्या बेताला आलेलं असतं.

पाय बाजूला फाकवून धरू नका, खांद्याला कळ लागते. नालबंद घोड्याचा पाय मागे दुमडतो तसा दुमडा, म्हणजे पंजाची गादी वर येते आणि नख खालून दिसतं. काळ्या नखाचं सगळं खालूनच कळतं. टोकाकडे नखाला खालून पन्हळ असते, ते नुसतं पोकळ टरफल. पन्हळ संपून नख भरीव होतं तिथून पुढे जिव्हाळीचा शेजार सुरू. कापायचं ते पन्हळीपुरतं, एका वेळी मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा काप, आणि दर कापानंतर कापलेला भाग उजेडात बघायचा. आधी तो कोरडा, खडूसारखा भुरका दिसतो. मग मधोमध गडद, जरा ओलसर ठिपका दिसायला लागतो. ठिपका दिसला की हात आवरा. अजून थोडं निघेल असं वाटतं, तिथेच रक्त येतं.

ते एक पांढरं नख लाखमोलाचं आहे. त्याची जिव्हाळी गुलाबी दिसते, म्हणजे त्याच पायाच्या शेजारच्या नखांचा अंदाज बांधता येतो. सुरुवात त्या पायापासून करा. तसेही बरेच कुत्रे पुढच्यापेक्षा मागचे पाय सहज देतात.

आणि पहिल्याच खेपेला नखं आखूड होणार नाहीत. वाढू दिली की जिव्हाळीही लांब येते. वरचेवर टोक काढत राहिलं तर ती हळूहळू मागे सरते.

गोठ्यातला_डॉक्टर:
पशुवैद्यक आहे. वरचं पटलं, माझी थोडी भर.

रक्त थांबतं ते मुख्यतः दाबाने. स्टिप्टिक पावडर असेल तर उत्तम, नसेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टोकावर दाबून ५ मिनिटं धरा. मध्ये उचलून बघायचं नाही, बघितलं की गुठळी निघते. हळद भरून पुसत बसू नका. तुरटी झोंबते, पुढच्या वेळी पाय मिळणार नाही. १५-२० मिनिटांनीही रक्त टिपकत असेल तर दवाखाना गाठा.

दात दाखवतो म्हणून रागावू नका. तो चावायच्या आधी सांगतोय, ही मेहरबानीच. दिवाणाखालून तर अजिबात ओढू नका. लागलंच तर जाळीचं मुसकं घ्या, ज्यात तोंड उघडून धापता येतं आणि खाऊ देता येतो. कापडी पट्टीने तोंड आवळलेला कुत्रा धापू शकत नाही, आपल्या उकाड्यात ते धोक्याचं. तेही खाऊ देत देत सवयीचं करा, मगच वापरा.

माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका. फारच घाबरत असेल तर घरून निघण्याआधी द्यायचं औषध आम्ही वजनानुसार लिहून देतो, तसं तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि कापताना दात लागलाच तर जखम नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुऊन डॉक्टरकडे जा, कुत्रा घरचा आणि लस दिलेला असला तरी.

कंदीपेढा:
सगळ्यांचे आभार. अंगठ्याची नखं बघितली. तो झोपेत होता म्हणून जमलं. उजवं चांगलंच वळलंय, कातड्याला टेकायला बोटाच्या पेराएवढंही अंतर नाही. वीसनख्या नाही.

एक पंचाईत आहे. आमच्याकडे घरात चिकन शिजत नाही. पनीर चालेल का?

माणदेशी:
चालेल की. बिनमिठाचं घ्या, तुकडे तुरीच्या दाण्याएवढे करा, नाहीतर नखं आखूड आणि भिडू जाड. पोळीच्या तुकड्यावर भागवू नका, पोळी त्याला रोजच मिळते. पनीर फक्त नखांच्या वेळी, एरवी नाही. सासूबाईंनाही सांगून ठेवा.

उजवं नख जास्त वळलंय ते पहिल्या वेळी डॉक्टरांकडून काढा. शक्य असेल तर घरी बोलवा, दवाखान्यात नेऊ नका.

मिसळ_कमी_तिखट:
पुढच्या पायांसाठी अजून एक. फळीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून तिरपी धरा आणि त्यावर पंजा ओढायला शिकवा. आमच्या बहिणीची कुत्री खाऊसाठी स्वतः खरवडते. अंगठ्याला उपयोग नाही, मागच्या पायांना क्वचित.

कंदीपेढा:
हे भारी आहे, फळी माळ्यावर आहेच. आमचा नेलकटर भोकात नख घालायचा आहे. चालेल?

माणदेशी:
लहान कुत्र्याला ठीक. वीस किलोच्या कुत्र्याच्या जाड नखाला पकडीसारखा घ्या, दोन्ही पाती गोलसर असतात तो. विकत घेताना कागद कापून बघा. कागद चुरगळला तर नखही चेचणार, आणि चेचलं की रक्त न येताही दुखतं. जुन्याची धार गेली असेल तर तो खराट्याच्या काड्यांना ठेवा.