बंदी सरकारने घातली, पण सुरुवात कुणी केली?

रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१' ही कादंबरी म्हणजे पुस्तकं जाळणाऱ्या जुलमी सरकारची गोष्ट, असं या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय. मला ते अपुरं वाटतं. अभ्यासाला घेतलीच आहे तर पुस्तकं जाळणाऱ्या पथकाचा प्रमुख कॅप्टन बीटी याचं लांबलचक बोलणं पुन्हा वाचा. त्याच पथकातला, कादंबरीचा नायक माँटॅग अंथरुणात पडलाय, चोरून आणलेलं पुस्तक उशीमागे आहे, बायको उशी नीट करायला जाते आणि तिचा हात नेमका त्यावर पडतो. समोर बसलेला बीटी मात्र शांतपणे सांगतोय, की हे वरच्या हुकुमाने सुरू झालंच नाही. लोकांना सगळं थोडक्यात हवं होतं, कुणालाच दुखवायचं नव्हतं. आधी पुस्तकं छाटली, मग ती नकोशी झाली.

आणि हेच खुद्द या कादंबरीच्या वाट्याला आलं, याची मला मनापासून चीड येते! मूळ कादंबरी १९५३ची. १९६७पासून प्रकाशकाने शाळांसाठी काढलेल्या आवृत्तीत 'हेल', 'डॅम'सारखे शब्द गुपचूप गाळले, पंचाहत्तरएक ठिकाणी कात्री चालवली. ब्रॅडबरीला हे कळल्यावर त्याने मूळ मजकूर पुन्हा छापायला लावला आणि १९७९मध्ये खरमरीत टिपण जोडलं. तुमच्या प्रतीत ते शेवटी असेल, तर बीटीच्या भाषणाला जोडूनच वाचा.