घरच्या मशीनवर बीपी दर वेळी वेगळं येतंय, कुठलं खरं धरायचं?

खारूताई
बाबांसाठी बीपीचं मशीन आणलंय, दंडाला पट्टा बांधायचं ऑटोमॅटिकवालं. पण आकड्यांचा काही मेळच लागत नाहीये, आत्ता १५२, लगेच परत घेतलं तर १३८, संध्याकाळी १२८. बाबा म्हणतात मशीनच भंगार आहे, आई म्हणते आधी टीव्हीवरच्या चर्चा बघणं बंद करा 😀 गोळी अजून सुरू नाही, डॉक्टरांनी आठवडाभर घरी मोजून आणा म्हटलंय. कधी मोजायचं आणि कुठला आकडा लिहायचा?

अंगणवेल
मशीन एवढ्यात फेकू नका. बीपी दिवसभर वरखाली होतच असतं, जिना चढून आलं, लघवी दाबून ठेवली, कोणाशी वाजलं, की वाढलंच. पहिलं रीडिंग बरेचदा जास्त येतं म्हणून तर मिनिटभर थांबून दुसरं घ्यायचं. सकाळी दोन, रात्री दोन, असं ७ दिवस, त्यातला पहिला दिवस सोडून द्यायचा आणि बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर जास्त धरतात, दवाखान्यात तीच रेषा १४०/९० असते. आणि वही तुम्ही लिहा, बाबांना देऊ नका. आमचे सासरे चांगले आलेले तेवढेच लिहायचे, डॉक्टर खूश, हे पण खूश!

निवांत_बसलोय
ते मोजताना बसतात कसे ते बघा आधी. निम्म्या घरांत माणूस पलंगाच्या कडेवर, पायावर पाय, हात खाली लोंबतोय आणि वर बोलणं चालू. यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा वाढतो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर असा की पट्टा छातीच्या पातळीत येईल, पाच मिनिटं गप्प. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर, शर्टाची बाही गुंडाळून वर ढकलली की तीच दंडाला आवळते. आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, सिगरेट, व्यायाम नको. दंड जाड असेल तर लहान पट्टा हमखास जास्त दाखवतो, टेपने घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या सेंटीमीटरशी जुळवा.

खारूताई
हात लोंबतोय!! अगदी तस्संच बसतात. पाच मिनिटं गप्प बसवणं हेच अवघड काम आहे. पण त्यांचं डोकंबिकं काही दुखत नाही हो, मग असेल का खरंच बीपी?

दुपारची_झोप
डोकं दुखण्यावर जाऊ नका, बहुतेकांना बीपी वाढलेलं काहीच जाणवत नाही. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर घ्या, ज्या हाताला जास्त येईल तोच पुढे धरा. नाडी अनियमित असेल तर ही मशीनं गंडतात, तसं चिन्ह स्क्रीनवर सारखं दिसलं तर डॉक्टरांना सांगा. १८०/१२० च्या वर गेलं आणि सोबत छातीत दुखतंय, धाप लागतेय, बोलताना जीभ अडखळतेय असं असेल तर सरळ हॉस्पिटल, वहीबिही नंतर. बाकी तासातासाला मोजत बसू नका, त्या धास्तीनेच वाढतं.

अंगणवेल
+१ आणि मशीन आणलंच आहे तर तुम्ही आणि आईपण मोजून घ्या, आईवडिलांना असलं की मुलांना व्हायची शक्यता जास्त असते.

खारूताई
आई तयार आहे, बाबा म्हणतात आधी हिचं घ्या 😄 उद्या सकाळपासून वही सुरू करते.